गच्चीवरची हिवाळी भाजी: मूठभर निघते, तिचं करायचं काय?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलुंडला सातमजली इमारतीच्या गच्चीचा दक्षिणेकडचा कोपरा सोसायटीने तुम्हाला वापरायला दिलाय. पंधरा-वीस कुंड्या आणि चार क्रेट आहेत, सगळे कठड्याला लावून ठेवलेले. गेल्या वर्षी डिसेंबरात कोबी, फ्लॉवर, मटार आणि गाजर लावलं. पाला झाला, पण खायला काही मिळालं नाही. मेथी-पालक उगवले, पण दर खेपेला मूठभरच. "एवढ्याशा भाजीला फोडणी तरी काय द्यायची?" असं सासूबाई म्हणाल्या आणि बरीचशी भाजी कुंडीतच जून झाली. आता नोव्हेंबर अर्धा सरलाय. या हिवाळ्यात घरची भाजी खायची तर काय लावावं, की उशीर झाला?

उशीर झालेला नाही. पण मी पेरणीच्या आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझ्या मते खरा प्रश्न त्यांनीच विचारलाय. बावीस वर्षं मी गोरेगावला गच्चीवर भाजी लावते आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या लोकांना लावायला मदत करते. कीड पडून बंद झालेल्या बागा मी थोड्या पाहिल्या. भाजी पिकते पण ताटात येत नाही म्हणून बंद पडलेल्या कितीतरी जास्त. मेथी दिसते चांगली, पण "अजून थोडी वाढू दे, एकदम काढू" म्हणून राहते. आठ-दहा दिवसांत तिला फुलं येतात, पानं कडू आणि चरबट होतात, मग ती कोणी खात नाही. पुढच्या वर्षी त्याच क्रेटमध्ये शोभेची झाडं दिसतात.

आधी हिशेब मांडू. माझ्या दोन फूट बाय एक फूट क्रेटमधून मेथीच्या एका कापणीला साधारण 200 ग्रॅम पानं मिळतात. चार माणसांना मेथीची सुकी भाजी करायची तर निवडलेली पानं पाचशे-सहाशे ग्रॅम तरी लागतात, कारण पालेभाजी कढईत बसते. म्हणजे एका क्रेटमधून चौघांची मेथीची भाजी कधीच होणार नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, जागाच तेवढी आहे. बाजारात आपण भाजी ठरवून जातो आणि जुडी घेऊन येतो. इथे आधी वर जाऊन काय तयार आहे ते बघायचं आणि मग खाली येऊन काय करायचं ते ठरवायचं. दोनशे ग्रॅमला पूर्ण न्याय मिळेल असे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त ते रोजच्या "एक सुकी भाजी" या चौकटीत बसत नाहीत.

मूठभर कोवळ्या मेथीसाठी माझ्या मते घोळाण्यासारखं दुसरं काही नाही. मराठवाडा-विदर्भाकडच्या घरांत तो रोजचा असतो, मुंबईत फारसा दिसत नाही. मेथीची पानं धुऊन कोरडी करायची, बारीक चिरायची. त्यात बारीक चिरलेला कांदा, जाडसर कुटलेले भाजके शेंगदाणे, लाल तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. हाताने हलकं घोळायचं, चुरगळायचं नाही. चुरगळलं की पाणी सुटतं आणि कडवटपणा वर येतो. शंभर ग्रॅम मेथीत चार माणसांच्या भाकरीबरोबर पुरेसा होतो. मात्र यासाठी मेथी कुंडीतून काढल्यावर तासाभरात ताटात हवी. बाजारातल्या दोन दिवसांच्या जुडीचा घोळाणा मी करत नाही.

दुसरा मार्ग पीठ पेरण्याचा. मुळ्याचा पाला, कांद्याची पात, शेपू, लाल माठाची विरळणी (दाट उगवल्यावर उपटून काढलेली कोवळी रोपं), जे निघेल ते बारीक चिरून लसणाच्या फोडणीत घालायचं, अर्धवट शिजलं की वरून भाजक्या बेसनाची पेर करायची आणि झाकण ठेवून वाफ आणायची. दीडशे ग्रॅम पाल्याची चौघांना पुरेल अशी भाजी होते. मुळ्याचा पाला तर असा केल्याशिवाय मला आवडतच नाही, नुसता परतला तर घशाला खवखवतो.

तिसरा पातळ भाजीचा. पालक, चाकवत किंवा अंबाडी शिजवून घोटायची, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, ताकात कालवलेलं बेसन, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. अंबाडी मुळातच आंबट, तिला ताक नको, गूळ हवा. पालक आणि चाकवत यांच्यात ऑक्झलेट असतं, ते पानांतलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळू देत नाही. ताकातून कॅल्शियमची थोडी भर पडते आणि चवीला तर ते लागतंच, म्हणून आज्या जे घालत आल्या ते मी बदललेलं नाही. दीड मूठ पालकात पातेलंभर पळीवाढी भाजी होते आणि भाताशी रात्रीपर्यंत पुरते.

याशिवाय तुरीच्या वरणात शेवटच्या उकळीला मूठभर मेथी, थालीपिठाच्या भाजणीत शेपू किंवा कोथिंबीर, पोह्यांवर लसणाची पात. तुमच्याकडे मासळी चालत असेल तर बारीक मेथीत सुका जवळा, वांग्यात सुकट, वालात सोडे. किनाऱ्यालगतच्या घरांमध्ये थोडक्या भाजीत सुकी मासळी घालून कालवण पुरवायची जुनी सवय आहे आणि ती चवीलाही उत्तम आहे.

आणि मग भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तेरा जानेवारीच्या आसपास, आपण जी भाजी करतो तिच्यात कुठलीच गोष्ट किलोने लागत नाही. एक वांगं, एक गाजर, मूठभर पावट्याचे दाणे, मूठभर ओला हरभरा, थोडे मटार, दोन-चार बोरं, शेंगदाणे, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं तिळाचं कूट. तिला लेकुरवाळी म्हणतात ते याचसाठी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण सासूबाईंना नक्की ठाऊक असेल. मला ही भाजी म्हणजे हिवाळ्यात मळ्यातून रोज थोडं थोडं निघणारं कसं खावं याचा वस्तुपाठ वाटते. म्हणून मी ती वर्षातून एकदाच करत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी गच्चीवर जे काही एकेक-दोनदोन तयार असेल ते एका पातेल्यात जातं, गोडा मसाला आणि तिळाचं कूट पडतं. बाजारातून एखादा बटाटा किंवा अर्धा पाव वांगी आणून भर घालण्यात काहीच कमीपणा नाही.

आता गेल्या वर्षी काय बिनसलं ते बघू. तुम्ही निवडलेल्या चारही भाज्या नाशिक-पुण्याच्या थंडीच्या आहेत. मुंबईची थंडी वेगळी. सांताक्रूझला जानेवारीतली पहाट सरासरी 17 अंशांच्या आसपास असते, कुलाब्याला समुद्रामुळे दोन-अडीच अंश जास्त. दुपारी पारा 30-31 वर जातोच. 1962 साली 22 जानेवारीला सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले होते, पण तो विक्रम आहे, हवामान नव्हे. मटाराची फुलं तिशीच्या दुपारी गळतात. उशिराच्या जातीच्या फ्लॉवरला गड्डा धरायला 10 ते 16 अंश लागतात. पुसा कार्तिकी, पुसा दीपाली अशा लवकरच्या जाती पंचविशीच्या हवेतही गड्डा धरतात, पण त्यांची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरातच तयार हवीत. गाजराला रंग आणि गोडी गारव्यात येते. कोबी होतो, पण एका कुंडीत तीन महिने घालवून एक गड्डा मिळतो. त्या कुंडीत पालक असता तर दर आठवड्याला पानं मिळाली असती. जागा कमी असेल तर कोबी-फ्लॉवर बाजारातूनच आणा, असं मी स्पष्टच सांगते.

डिसेंबर ही मुंबईत पेरणीची नव्हे, खाण्याची वेळ आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस माघारी जातो, मग महिनाभर उकाडा. त्या उकाड्यात टोमॅटो-वांग्याची रोपं वाढवायची, उकाडा ओसरला की पालेभाज्या पेरायच्या. पालेभाज्यांसाठी तुम्ही अगदी वेळेवर आहात. रोपांच्या भाज्यांना महिना-दीड महिना उशीर झालाय, तो रोपवाटिकेतून तयार रोपं आणून भरून काढता येईल.

दुसरी अडचण मला तुमच्या कठड्यात दिसते. कोपरा दक्षिणेकडचा म्हणजे ऊन भरपूर असणार, असं वाटतं. पण मुंबई 19 अक्षांशावर आहे आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो. 22 डिसेंबरला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 47-48 अंश वर असतो. म्हणजे साडेतीन फूट कठड्याची सावली दुपारी बारा-साडेबाराला तीन फुटांहून थोडी जास्त पडते, आणि तुमचे क्रेट नेमके त्या सावलीत आहेत. मे ते जुलै सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ही सावली दिसतच नाही, म्हणून कुंड्या मांडताना लक्षात येत नाही. क्रेट कठड्यापासून चार फूट आत ओढा किंवा कठड्याच्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवा. पालेभाजीला चार तास ऊन पुरतं, टोमॅटो-वांग्याला सहा तास लागतात. हलवताना एवढं सांभाळा की घनफूटभर ओली माती 45-50 किलो भरते. जड क्रेट स्लॅबच्या मध्यावर गर्दीने न ठेवता खालून तुळई जाते त्या रेषेवर ठेवा. तुळई कुठून जाते ते सोसायटीच्या नकाशात मिळेल.

या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगते. चारपैकी तीन क्रेट मेथीसारख्या झटपट भाज्यांना द्या. आज एकात पेरा, दहा दिवसांनी दुसऱ्यात, आणखी दहा दिवसांनी तिसऱ्यात. मेथी 25-30 दिवसांत कापणीला येते, त्यामुळे तिसरा पेरून होतो तेव्हा पहिला तयार होत आलेला असतो आणि जानेवारी संपेपर्यंत हे चक्र चालतं. गेल्या वर्षी तुम्ही सगळं एकाच दिवशी पेरलंत, म्हणून एक आठवडा भाजीचा आणि बाकीचे रिकामे. क्रेटला दोन चमचे बी पुरे, ते घरातल्या डब्यातलं चालतं. रात्रभर भिजवून पेरलं की दोन-तीन दिवसांत उगवतं.

मेथीचाच मुंबईचा खास प्रकार म्हणजे बारीक मेथी, जिला समुद्रमेथी म्हणतात. किनाऱ्यालगतच्या रेताड वाफ्यांत दाट पेरून दोन-तीन पानांवरच उपटतात. बाजारात पांढऱ्या मुळांच्या, वाळू लागलेल्या इवल्या जुड्या मिळतात त्या याच. गच्चीवर हिला ऊन कमी असेल तरी चालतं. तीन-चार इंच खोल ट्रेमध्ये धुतलेली वाळू आणि थोडं गांडूळखत, त्यावर दाणे जवळजवळ एकमेकांना टेकतील इतके दाट. दहा ते चौदा दिवसांत उपटायची, मुळं कात्रीने कापून टाकायची. खिडकीच्या ग्रिलमध्येही होते. पहिल्यांदा लावणाऱ्याला मी नेहमी हीच लावायला सांगते, कारण दोन आठवड्यांत ताटात काहीतरी पडलं की घरातल्या सगळ्यांचा बागेवर विश्वास बसतो.

चौथा क्रेट पालकाला कायमचा द्या. आपला देशी पालक हा खरं तर बिटाच्याच जातीतला, परदेशी स्पिनॅच नव्हे. म्हणूनच तो आपल्या हवेत टिकतो आणि कापल्यावर पुन्हा फुटतो. सहा-सहा इंचांवर दोन ओळी लावा. एक महिन्यानंतर दर पाच-सहा दिवसांनी प्रत्येक झाडाची बाहेरची दोन-तीन पानं देठापासून खुडायची, मधली चार-पाच ठेवायची. झाड पूर्ण कापू नका. असा पालक मी नोव्हेंबरात पेरून मार्चपर्यंत खाते.

कुंड्यांमध्ये हरभरा नक्की लावा. स्वयंपाकघरातले देशी हरभरे सहा-आठ तास भिजवून दोन-दोन इंचांवर टोका. तीन-साडेतीन आठवड्यांनी कोवळे शेंडे खुडायचे. खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात, म्हणजे खाण्यानेच भाजी वाढते. या पाल्याला अंगचा आंबटपणा असतो. शेतात पहाटे हरभऱ्यावर कापड फिरवून दवाबरोबर ती आंब गोळा करत, ती हीच. हा पाला फार धुतला तर आंबटपणा जातो, म्हणून एकदाच हलक्या हाताने धुवायचा. कण्या किंवा तुरीची डाळ घालून त्याची गरगटी भाजी करतात. एका कुंडीतून मूठभरच निघतो, पण वाळवून ठेवता येतो. चार खुडण्यांचा पाला सावलीत वाळवा, एका जेवणाची भाजी होते.

कोथिंबिरीचं बी म्हणजे अख्खे धने, ते रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करून पेरा, उगवायला आठ ते बारा दिवस लागतात; दरम्यान "आलं नाही" म्हणून माती उकरू नका. लसणाच्या पाकळ्या एका उथळ डब्यात अगदी जवळजवळ टोचा. मुंबईत गड्डा नीट धरत नाही, पण तीन आठवड्यांत पात येते आणि पातीचा ठेचा गड्ड्याच्या लसणीहून मला जास्त आवडतो. कोंब आलेला कांदा फेकू नका, मातीत अर्धा पुरा.

मुळ्याला बारा इंच खोल माती हवी आणि पुसा चेतकीसारखी उकाडा सोसणारी जात हवी. ती चाळिसेक दिवसांत तयार होते. माती कडक असेल किंवा ताजं शेणखत घातलं असेल तर मुळ्याला फाटे फुटतात. एका जागी तीन दाणे टाकून दोन काढून टाकायचे, आणि काढलेली ती रोपं म्हणजे पहिली भाजी: पानांसकट चिरून दही घालून कोशिंबीर. लाल माठ, बीट, पालक यांची विरळणीही अशीच खायची. इथे एक खबरदारी घ्या. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते बी पेरल्यावर हात धुवा, आणि त्याची कोवळी विरळणी खाऊ नका. विरळणी खायची तर बी घरातलं किंवा साधं, न रंगवलेलं घ्या.

वालाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुंबईच्या बागेत तो फार कमी दिसतो आणि रायगड-ठाण्याच्या हिवाळ्याचा तर तोच राजा आहे. कोकणात भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर त्याच शेतात वाल टाकतात. म्हणजे तुमची आत्ताची वेळ त्याची नेमकी पेरणीची वेळ आहे. बुटका, झुडपासारखा वाढणारा वाल बारा इंची ग्रो बॅगमध्ये तीन-तीन दाणे टाकून लावा, पाच-सहा बॅगा तरी हव्यात. पाणी बेताचं द्या. फेब्रुवारीत शेंगा भरतात. त्याच सुमारास रायगडात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, पाण्याचा थेंब नाही, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. गच्चीवर जाळ करू नका. जाड बुडाच्या पातेल्यात पानओव्याची पानं अंथरून, शेंगा, ओवा आणि जाडं मीठ घालून मंद आचेवर झाकून ठेवल्या तर अर्ध्या तासात त्या वासाच्या जवळपास जाता येतं. दाणे कच्चे मात्र खाऊ नका, वाल शिजवूनच खायचा असतो. वेलाचा पावटा हवा असेल तर तो पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लावा. जुन्या देशी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, त्यामुळे पावसाळाभर नुसती पानं दिसली तरी वेल उपटू नका.

टोमॅटोची तीन रोपं, वांग्याची दोन, मिरचीची दोन, बस. टोमॅटो मुंबईत हिवाळ्यातच का होतो, तर रात्र वीस अंशांच्या आत आली की त्याचं फूल फळ धरतं. रात्री उकडायला लागलं की फुलं गळतात. आत्ता आणलेली रोपं फेब्रुवारीत फळं देतील. चंपाषष्ठीच्या भरताची वांगी यंदा वसईवाल्यांकडूनच घ्या.

मातीसाठी फार खर्च करू नका. या शहरात डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीतली शेती करून दाखवली, प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मी त्याच वाटेने जाते. तळाला सुका पाला, वर एक भाग माती, दोन भाग चांगलं कुजलेलं खत, मूठभर निंबोळी पेंड. रस्त्याकडेच्या बदामाची पानं हिवाळ्यात लाल होऊन गळतात, ती पोत्यात भरून ठेवा. रसवंतीवरचं चिपाड आणलं तर चार दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्या येतात. पाणी सकाळी द्या. हिवाळ्यात हवा कोरडी असते, असलं मिश्रण वरून सुकं आणि आत ओलं राहतं, म्हणून बोट दोन इंच आत घालून बघा आणि मगच पाणी घाला.

मावा येणारच, वालावर आणि मुळ्यावर तर हमखास, ढगाळ हवेत जास्त. पहिल्या दिवशीच पानाच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारा. तेवढ्याने नाही गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी. ठिपक्यांचे लाल भुंगे दिसले तर फवारू नका, ते मावा खातात. फवारलेली भाजी चार-पाच दिवस खुडू नका.

धुण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालेभाजीची धास्ती घेऊन बरेच जण घरी भाजी लावतात. तुम्हीही तेच लिहिलंय. तुमच्या गच्चीवर ते पाणी नाही, पण हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो आणि धूळ-काजळी खालीच राहते, ती पानांवर बसते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवून हलवा आणि पाला वर उचलून घ्या. पाणी ओतून टाकलंत तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असं तीनदा. खुडणी सकाळी ऊन चढण्याआधी करा, तेव्हा पानं ताठ असतात. लगेच करायची नसेल तर धुवू नका, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

घरात कोणाला रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका, डॉक्टरांना सांगून ठरवा. हिरव्या पानांतल्या के जीवनसत्त्वाचा त्या गोळीशी थेट संबंध आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक बेताने खावा, मेथी आणि मुळ्याच्या पाल्यावर भर द्यावा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन तापायला लागलं की कोथिंबीर आणि मुळा फुलावर येतील. तेव्हा सगळं उपटू नका. मुळ्याची दोन झाडं तशीच सोडा, त्यांना डिंगऱ्या धरतात. कोवळ्या डिंगऱ्यांची ओलं खोबरं घालून केलेली भाजी मुंबईच्या बाजारात क्वचितच मिळते. मेथीचा कोपराभर भाग बियांसाठी वाळू द्या. वालाचं सगळ्यात निरोगी एक झाड निवडून त्याला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की त्याच्या शेंगा तोडायच्या नाहीत. त्या झाडावरच खडखडीत वाळल्या की दाणे काढून राखेत घोळवून बरणीत ठेवा. पुढच्या वर्षी बाहेर भाताची कापणी सुरू झाली की तेच दाणे टोकायचे आहेत.